चंद्र आधी गच्चीवर, मग फळ्यावर

प्रश्न : तिसरी-चौथीच्या मुलांसाठी चंद्रावर आठवडाभराचा उपक्रम घ्यायचा आहे. चित्रकला आणि विज्ञान दोन्ही त्यात यावं अशी इच्छा आहे. मुलांना चंद्रकलांची नावं पाठ आहेत, पण चंद्र लहान-मोठा का दिसतो असं विचारलं की "पृथ्वीची सावली पडते" हेच उत्तर येतं. आमच्याकडे दुर्बीण नाही, फार खर्चही करता येणार नाही. सुरुवात कुठून करू? (नाशिकजवळच्या एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेचा प्रश्न)

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी एक विनंती. आठवडा नको, महिना घ्या. रोजची दहा मिनिटं पुरतात, पण महिना हवाच. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस जातात. आठवड्यात मुलांना त्यातला चतकोर दिसणार, उरलेला तुम्ही फळ्यावर काढून दाखवणार, आणि फळ्यावरचा चंद्र मुलं पाठ करून टाकतात. "पृथ्वीची सावली" हे उत्तर तिथूनच येतं. ज्याने चंद्र रोज पाहिलेला नाही, त्याला ते उत्तर अगदी पटण्यासारखं आहे. गोल वस्तूचा एक भाग काळा दिसतोय, म्हणजे कुणाची तरी सावली पडली असणार. मुलांचा तर्क चुकीचा नाही, त्यांच्या हाताशी निरीक्षण नाही.

मी मूळचा चित्रकलेचा शिक्षक. पंचवीसेक वर्षं नाशिकच्या शाळांमध्ये आणि सुट्टीतल्या शिबिरांमध्ये मुलांकडून चंद्र काढून घेतो आहे. सुरुवातीला मीही कापूस, चमकी आणि चंदेरी कागद वापरून चंद्र करून घ्यायचो. वर्ग सजायचा, आणि मुलांना चंद्राबद्दल आधी जेवढं माहीत होतं तेवढंच नंतरही असायचं. आता मी चित्रकला शेवटी ठेवत नाही, सगळ्यात आधी ठेवतो. मूल चित्र काढताना जितकं बघतं तितकं एरवी कधीच बघत नाही.

याचा धडा मला चौथीतल्या एका मुलीने दिला. फेब्रुवारी-मार्चचे दिवस होते. संध्याकाळी चंद्राची कोर पाहून काढून आणा, असं मी सांगितलं होतं. शुद्ध पक्षात उजवी बाजू उजळ असते हेही सांगून ठेवलं होतं. तिने कोर आडवी काढून आणली, दोन्ही टोकं वर, पाळण्यासारखी. मी लाल पेनाने शेजारी उभी कोर काढून दिली. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, तो तसाच होता. आजीने पण पाहिला." त्या संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. त्र्यंबकच्या बाजूला आभाळ अजून केशरी होतं आणि तिथे कोर तिने काढली होती तशीच होती, वाटीसारखी. मी तिची वही मागून घेतली आणि माझी लाल कोर खोडली.

कारण नंतर समजून घेतलं. नाशिक विषुववृत्तापासून साधारण २० अंश उत्तरेला आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आपल्याकडे सूर्यास्तानंतर चंद्राचा मार्ग पश्चिम क्षितिजावर जवळजवळ उभा येतो. म्हणजे मावळलेला सूर्य कोरीच्या बरोबर खाली असतो आणि उजेड खालून येतो. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलांना मुद्दाम बघायला सांगा. भाद्रपद-आश्विनात तोच मार्ग तिरका असतो, कोरही कललेली दिसते. पुस्तकांत उभी कोर असते, कारण ती चित्रं बऱ्याचदा आपल्यापेक्षा खूप उत्तरेकडच्या देशांतल्या चित्रांवरून आलेली असतात. तेव्हापासून मी डावी-उजवी बाजू शिकवतच नाही. एकच सांगतो: उजेडाची बाजू सूर्याकडे. सूर्य मावळला असला तरी तो कुठल्या बाजूला गेला ते कोर बोट दाखवून सांगते.

आता महिना कसा घालवायचा ते सांगतो.

पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाने बांगडी ठेवून वहीत तीस गोल काढायचे. प्रत्येक गोलाखाली तारीख, तिथी आणि वेळ. कोर काढायची नाही, अंधार भरायचा. म्हणजे चंद्राचा जो भाग दिसत नाही तेवढाच पेन्सिलीने काळा करायचा आणि उजळ भाग कागदाचा पांढरा सोडायचा. नुसती कोर काढणाऱ्या मुलाला चंद्र कापल्यासारखा वाटतो. अंधार भरणाऱ्याच्या हाताला रोज कळतं की गोल पुरताच आहे, फक्त उजेड फिरतोय. कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये चांदणी काढायची सवय मुलांना असते. अंधार भरून झाला की मी विचारतो, "ही चांदणी कशाच्या पुढे आहे?" बहुतेक मुलं स्वतःच खोडरबर उचलतात.

बीज-तीजेच्या संध्याकाळी त्यांना आणखी एक गोष्ट शोधायला लावा. उजळ कोरीला लागून उरलेला गोलही अंधुक राखाडी दिसतो. तो उजेड पृथ्वीचा. सूर्याचा प्रकाश आपल्या ढगांवरून आणि समुद्रावरून परत फिरून चंद्रावर पडतो. या दिवशी पेन्सिल दाबून काळं करायचं नाही, हलक्या हाताने करायचं. छटा म्हणजे काय, हे शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

वहीशिवाय वर्गात एक लांब पट्टी लावा, तीन-चार कार्डशीट जोडून. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे पूर्व आणि उजवीकडे पश्चिम. पट्टीवर आपल्या शाळेचं, आपल्या गावाचं क्षितिज काढा: पाण्याची टाकी, देवळाचा कळस, बाभळ, मोबाईलचा टॉवर. शहरातली मुलं नैर्ऋत्येला पांडवलेण्यांचा डोंगर काढतात. मग रोज संध्याकाळी सातला चंद्र जिथे दिसला तिथे तारीख घालून चिकटवायचा. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. चंद्र सूर्यापासून रोज सुमारे बारा अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे एक मूठ आणि वर थोडं. दोन आठवड्यांत पट्टीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे कमान तयार होते, सुरुवातीला बारीक कोर आणि शेवटी पूर्वेला उगवणारा पूर्ण चंद्र. मुलं बघत बसतात, कारण चंद्र पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो एवढंच त्यांना माहीत असतं. एका रात्रीत तो पश्चिमेकडे जातो आणि एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत पूर्वेकडे सरकतो, हे त्या कमानीवरून आपोआप ध्यानात येतं. रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा का उगवतो, तेही त्यातूनच सांगता येतं.

ते बारा अंश नीट लक्षात ठेवा, कारण तिथी म्हणजे तेच. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. तीस तिथ्या गुणिले बारा, झाले ३६० अंश. आपल्या मुलांच्या घरात भिंतीवर जे कॅलेंडर टांगलेलं आहे त्यात चंद्राचं अख्खं वेळापत्रक छापलेलं असतं, आणि शाळेत आपण ते कधी उघडत नाही. संकष्टीला आजी चंद्रोदयाची वेळ बघते, तो विज्ञानाचाच तास आहे. (मुंबईच्या वेळेपेक्षा नाशिकला चंद्र साधारण तीन-चार मिनिटं आधी उगवतो, कारण आपण पूर्वेला आहोत. चौथीतली मुलं हे गणित आवडीने करतात.) मी मुलांना विचारतो: विनायकी चतुर्थी आणि संकष्टी, दोन्ही चतुर्थ्याच, मग चंद्र एकाच ठिकाणी का नाही? विनायकीला तो संध्याकाळी पश्चिमेला दिसतो आणि नऊ-साडेनऊच्या सुमारास मावळतो. संकष्टीला साधारण त्याच सुमाराला पूर्वेकडून वर येतो. पट्टीवर दोन्ही चंद्र लावून बघा. भाऊबीजेला बहिणी चंद्राला ओवाळतात ती शुद्ध द्वितीयेची कोर, ईदला ज्याची वाट बघतात तीही तशीच पश्चिमेची बारीक कोर. वर्गात दोन्ही घरची मुलं असतील तर त्यांनाच सांगू द्या, तुम्ही सांगू नका.

गणेश चतुर्थीला चंद्र बघायचा नसतो, हा विषय निघतोच. मी त्या गोष्टीला हात लावत नाही, घरी जशी ऐकली तशी मुलं सांगतात. त्या दिवशीचा गोल मोकळा ठेवायचा असेल तर ठेवू दे. आदल्या आणि दुसऱ्या दिवशीचे गोल पाहून मधला कसा असेल हा अंदाज मात्र बांधता येतो.

सावलीच्या उत्तरावर खरा इलाज सांगतो, आणि तो उन्हातला आहे. सकाळची शाळा असेल तर वद्य षष्ठी ते अष्टमी हे तीन दिवस धरून ठेवा. परिपाठाच्या वेळी चंद्र पश्चिमेकडे, बऱ्यापैकी वर, फिकट पांढरा दिसत असतो. बहुतेक मुलांनी दिवसा चंद्र कधी शोधलेलाच नसतो. तो सापडला की जो गलका होतो तो होऊ द्या. मग शाडूच्या मातीचा लिंबाएवढा गोळा, वाळवून चुना लावलेला आणि पेन्सिलीच्या टोकावर खोचलेला, प्रत्येकाच्या हातात द्या. गणपतीच्या कार्यशाळेतली उरलेली शाडू पुरते. उन्हात उभं राहायचं आणि हात लांब करून गोळा चंद्राच्या अगदी शेजारी धरायचा, गोळ्यावर ऊन पडलं पाहिजे. आता गोळ्याकडे बघायचं.

गोळ्यावर चंद्राचीच कला दिसते. चंद्र अर्धा, तर गोळा अर्धा. चंद्राची उजळ बाजू जशी कललेली, तशीच गोळ्याची. सूर्य आपल्यापासून चंद्राच्या जवळजवळ चारशेपट लांब आहे, म्हणून मैदानातल्या गोळ्यावर आणि आकाशातल्या गोळ्यावर ऊन एकाच दिशेने येतं. "या गोळ्याच्या काळ्या भागावर पृथ्वीची सावली आहे का?" एवढंच विचारा आणि थांबा. तिसरीतला एक मुलगा गोळा फिरवून फिरवून बघत होता. शेवटी म्हणाला, "सर, ही तर याची स्वतःचीच पाठ आहे. पाठीवर ऊन नाही." चंद्राच्या कलांची याहून नेमकी व्याख्या मला करता आलेली नाही, म्हणून मी आता तीच वापरतो. दुपारची शाळा असेल तर शुद्ध सप्तमी-अष्टमीला साडेतीन-चारच्या सुमारास चंद्र पूर्वेकडच्या आकाशात मिळतो. फक्त सूर्याकडे बघायचं नाही हे आधी बजावून सांगा. अमावास्येच्या आसपास चंद्र सूर्याजवळ असतो, त्या दिवसांत हा खेळ घेऊच नका.

हे झाल्यावरच अंधाऱ्या खोलीचा प्रयोग घ्या. खिडक्यांना चादरी लावा, मध्ये एक उघडा बल्ब. बल्ब म्हणजे सूर्य, मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी, हातातला गोळा चंद्र. गोळा डोक्यापेक्षा थोडा वर धरून मुलाने डावीकडे हळूहळू वळायचं, म्हणजे महिन्याच्या सगळ्या कला क्रमाने दिसतात. गोळा वर का धरायचा? डोक्याच्या रेषेत धरला की पौर्णिमेला डोक्याची सावली गोळ्यावर पडते. ते ग्रहण. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असल्यामुळे बहुतेक पौर्णिमांना तो त्या सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. मुलाला सावली आणि कला यांतला फरक स्वतःच्या डोक्याने बघायला मिळतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, साधारण अकरापासून बारा वीसपर्यंत चंद्र पूर्ण सावलीत होता. त्याचे फोटो मिळवून कलांच्या चित्रांशेजारी लावा. ग्रहणात सावलीची कड धूसर असते आणि काही तासांत सगळं संपतं. कलेला पंधरवडा लागतो.

आकाराचा आणि अंतराचा प्रयोग नाशिकच्या मुलांसाठी मी द्राक्षाने करतो. क्रिकेटचा चेंडू म्हणजे पृथ्वी. जानेवारी ते मार्चमध्ये दोन सेंटीमीटरचं गोल काळं द्राक्ष सहज मिळतं, तो चंद्र. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, चंद्राचा ३,४७४. हे प्रमाण चेंडू-द्राक्षाला जवळजवळ तंतोतंत बसतं. आता द्राक्ष किती लांब धरायचं ते मुलांना विचारा. सगळे वीतभर किंवा हातभर सांगतात. खरं अंतर तीस चेंडूंचं, म्हणजे सव्वादोन मीटरच्या जरा आत, कारण चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. सूर्य दाखवायचा तर जवळजवळ आठ मीटर व्यासाचा गोळा साडेआठशे मीटरवर ठेवावा लागेल. शाळेपासून तेवढ्या अंतरावरचं एखादं दुमजली घर मुलांना दाखवा. पुस्तकात सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका पानावर शेजारी शेजारी छापतात, त्याचा परिणाम पुसायला हा एक प्रयोग पुरतो. द्राक्ष काळंच घ्या, हिरवं नको. चंद्राची जमीन प्रत्यक्षात काळपट आहे, जुन्या डांबरी रस्त्यासारखी. तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम आठवा भाग ती परत टाकते. आजूबाजूचं आकाश त्याहून काळं, म्हणून तो आपल्याला चांदीसारखा वाटतो.

आकाराचाच आणखी एक भ्रम: उगवता चंद्र परातीएवढा वाटतो. मुलाने हात लांब करून चिमटीत मुगाचा दाणा धरायचा. उगवताना आणि तीन तासांनी वर आल्यावर, दोन्ही वेळा तो दाणा चंद्राला झाकतो. हा गृहपाठ म्हणून द्या, पालकही करतात.

मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो तो खड्ड्यांच्या परातीला. परातीत दोन-तीन बोटं जाड पांढरी रांगोळी पसरा, वर कोळशाच्या पुडीचा पातळ थर चाळणीने चाळा. गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या आणि डोक्याएवढ्या उंचीवरून गोट्या सोडा. प्रत्येक खड्ड्याची रुंदी सुतळीने मोजून वहीत लिहा. खालची पांढरी रांगोळी उडून काळ्यावर किरणांसारखी पसरते. पौर्णिमेच्या चंद्रावर दक्षिणेकडे एका ठिकाणाहून असेच पांढरे पट्टे निघालेले दिसतात, ते टायको नावाचं सुमारे ८५ किलोमीटरचं विवर. तिथे आदळलेला दगड आपल्या गोटीसारखा खड्ड्यात बसून राहिला नाही, हे मुलांना नक्की सांगा. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारा दगड आदळताच फुटतो, आणि खड्डा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा होतो. आपल्या महाराष्ट्रातच लोणारला असा आघाताने झालेला खड्डा आहे, १.८ किलोमीटर रुंदीचा, आणि तोही बेसॉल्टच्या काळ्या दगडात.

इथे नाशिकच्या मुलांच्या हातात एक मोठी गोष्ट आहे. चंद्रावरचे काळे डाग, ज्यांत कुणाला ससा दिसतो आणि कुणाला हरीण, ती लाव्ह्याची गोठलेली मैदानं आहेत. तो दगड बेसॉल्ट. पांडवलेणी ज्यात कोरली तोही बेसॉल्ट. शेतातला काळा दगड उचलून मुलांच्या हातात द्या आणि सांगा, १९६९ च्या जुलैमध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावरून जे दगड घेऊन आले, त्यांत याचे भाऊबंद होते. वय मात्र फार वेगळं. आपला दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, तो साडेतीनशे कोटींहून जुना. आपल्या दगडाच्या पोकळ्यांत पाण्याने घडवलेले पांढरे-हिरवे स्फटिक सापडतात, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते बघायला मिळतात. चंद्राच्या दगडात ते नाहीत, कारण तिथे तसं वाहतं पाणीच नव्हतं.

परात फेकू नका. खोली अंधारी करून तिच्यावर टॉर्च धरा. आधी बरोबर वरून: खड्डे जवळजवळ नाहीसे होतात, नुसते पांढरे डाग उरतात. मग टॉर्च परातीच्या काठाशी टेकवून आडवा धरा: प्रत्येक खड्ड्याची कड उभी राहते, आत काळी सावली लांबते. पौर्णिमेला दुर्बिणीतून चंद्र सपाट दिसतो आणि सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्डे ठसठशीत दिसतात, त्याचं कारण हेच. मुलांना कोळशाच्या कांडीने या दोन्ही परातींची चित्रं काढू द्या. छायाप्रकाशाचे वर्षभराचे तास एका तासात होतात. चांद्रयान-३ चं विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी उतरलं, ती निज श्रावण शुद्ध सप्तमी होती. उतरण्याच्या जागी तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता, टॉर्च आडवा धरल्यासारखा. चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांचा असतो आणि यान सौरऊर्जेवर चालणारं, म्हणून सकाळ गाठायची होती. एखादं मूल विचारेल, "मग चंद्राच्या मागच्या बाजूला कायम अंधार का?" कायम नसतो. तिथेही चौदा दिवस ऊन आणि चौदा दिवस रात्र. ती बाजू फक्त आपल्याला दिसत नाही. तिचा पहिला फोटो १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये लूना ३ या सोव्हिएत यानाने काढला.

एकच बाजू का दिसते, हे सांगायला प्रदक्षिणा घ्या. वर्गाच्या मध्यभागी एक मूल बसवा आणि दुसऱ्याने काळारामाच्या देवळात घालतो तशी त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालायची. मधल्याला त्याचा उजवा खांदाच दिसत राहतो. पण चालणाऱ्याला विचारा, तुझ्यासमोर कुठल्या भिंती आल्या? चारही. म्हणजे एक फेरी मारताना तो स्वतःभोवतीही एकदा वळला. चंद्र पृथ्वीला खांदा न दाखवता तोंड दाखवतो आणि उलट्या दिशेने फिरतो, हिशेब तोच. पाच मिनिटांत होतो.

कोजागरी उपक्रमाच्या महिन्यात आली तर मुलांना मसाला दूध पिताना एक काम द्या. लाल, निळा, हिरवा, पिवळा असे घोटीव कागदाचे तुकडे पाकिटात घालून न्यायचे. रस्त्यावरचा दिवा येत नाही अशा गच्चीत किंवा शेतात पंधरा मिनिटं बसून फक्त चांदण्यात ते ओळखायचे. रंग विरलेले, राखाडी वाटतात, लाल तर जवळजवळ काळा दिसतो. कमी उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच गच्चीचं चित्र फक्त काळा, पांढरा आणि थोडा निळा एवढ्यावर रंगवायला सांगा. चांदण्याचं चित्र पिवळ्या रंगाने होत नाही, हे मुलं स्वतः सांगू लागतात.

बिस्किटाचं क्रीम खरवडून चंद्रकला करायचा खेळ तुम्ही पाहिला असेल. मला तो आवडत नाही. त्यात कला एकदा करून ठेवलेल्या असतात, उजेड कुठून येतो हा प्रश्नच येत नाही, आणि खाण्याकडे लक्ष असतं. त्यापेक्षा तुमच्या भागात वारली चित्रं काढणारी घरं असतील तर तिकडून कुणाला शाळेत बोलवा. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढायच्या त्या चित्रांत सूर्य-चंद्र असतातच. एका महिन्याचे चंद्र त्याच पद्धतीने शाळेच्या भिंतीवर उतरवता येतात, खर्च पिठाचा आणि गेरूचा. मुलांना एकदा बाहेर न्यायचं असेल तर नाशिकमध्ये महापालिकेचं यशवंतराव चव्हाण तारांगण आहे. ते महिन्याच्या शेवटी दाखवा, सुरुवातीला नको. स्वतः चंद्र पाहिलेली मुलं तिथे प्रश्न विचारतात.

सुरुवात पावसाळ्यात करू नका. जून ते सप्टेंबर ढगांमुळे वह्या रिकाम्या राहतात आणि मुलांचा उत्साह जातो. दसरा झाल्यावर जी पहिली अमावास्या येईल, म्हणजे दिवाळीची, तिच्यानंतरची भाऊबीजेची कोर हा उत्तम पहिला गोल आहे. मुलं सुट्टीत गावाला असतात, रात्री मोकळ्या अंगणात असतात. वह्या सुट्टीआधीच देऊन ठेवा.

महिना संपल्यावर सगळ्यांच्या वह्यांतली पानं भिंतीवर लावा. कुणाचे सात गोल भरलेले असतील, कुणाचे वीस. काहींत "ढग होते" लिहिलेलं असेल, काहींत "झोप लागली", आणि अमावास्येच्या आसपासचे दोन-तीन गोल सगळ्यांचेच रिकामे असतील. ते पुस्तकात बघून भरू देऊ नका. एकाच्या ढगाच्या दिवशी दुसऱ्याच्या गावाला आकाश मोकळं होतं का, हे मुलं एकमेकांच्या पानांवर शोधतात.